हौशी खेळाडूची आई

...नाही, मला एवढंच सांगा, ज्या शेजाऱ्याच्या गाडीतून माझी आई दर रविवारी चर्चला जाते, त्याच गाडीतून ती शनिवारी माझा सामना बघायला आली, तर कॉलेज बुडतं कसं? सांगा ना! तुम्हाला सांगतो, वेड लागायची पाळी आलीय. मी लॅव्हेल, नंबर त्र्याहत्तर, वजन एकशे चाळीस किलो, लुइझियानातल्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघात, म्हणजे तो अमेरिकन, चेंडू हातात धरून पळायचा फुटबॉल. काम काय, तर समोरून माझ्याएवढाच रेडा धावत येतो, त्याला अडवायचं. चेंडू? चार वर्षांत हाताला लागला नाही! खांदा निखळला, करंगळी वाकडी झाली ती वाकडीच, आणि हे बघायला स्टेडियम भरून माणसं तिकीट काढून येतात, कोचचं तळ्याकाठी घर झालं, दुकानात माझ्या नंबरचे शर्ट लटकलेत... आणि मला? काही नाही. नियमच तसा. कॉलेजच्या खेळाडूनं खेळापायी दमडी घ्यायची नाही. का? तर तो हौशी!

कोचला विचारलं, तर खांद्यावर हात, तोही निखळलेल्याच, आणि म्हणतो कसा, "बाळा, आम्ही तुला फुकट शिक्षण देतोय." आता मला व्हायचं होतं नर्स. पण नर्सिंगचं प्रॅक्टिकल नेमकं सरावाच्या वेळी, म्हणून मला घातलं उद्यान व्यवस्थापनाला. घसरगुंडीला गंज चढला तर काय करायचं, हे मला विचारा, झोपेत सांगेन.

तेही सोसलं हो. पण शेवटच्या वर्षाच्या पोरांचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना असतो ना, त्या दिवशी आमच्याकडे प्रत्येक जण आईबापाचा हात धरून मैदानात येतो, भोंग्यावर नाव पुकारतात, कोच आईला फूल देतो. मला बाप नाही. आई आहे, ओडेल, दोन तासांवर राहते, शनिवारी तिची इस्पितळाच्या धुलाईघरात ड्युटी, त्यामुळे चार वर्षांत तिनं मला एकदाही खेळताना बघितलं नव्हतं. यंदा हातापाया पडून रजा काढली, तर गाडीचा गिअरबॉक्स गेला! शेजारचे मिस्टर टिबोडो म्हणाले, ओडेल, मी जातोच आहे, बस मागे. बसायचं ना गुपचूप? नाही! माझी आई सरळ. तिनं कॉलेजला फोन करून विचारलं, चालेल ना?

फोन कुणी घेतला? प्रुइटसाहेबांनी. आम्ही हौशी राहतोय की नाही, हे बघायला ठेवलेला माणूस. त्याला पगार आहे, बरं का! बोलतो नाकातून, एकेक शब्द चघळत, "मॅडम... टिबोडो संघाला देणगी देतात... म्हणजे ही मुलाला छुपी मदत... त्याला बाहेर बसवावं लागेल." मी धावत गेलो. म्हटलं, कोच आणेल तिला? नाही. संघाची बस? नाही. बरं, चालत आली तर? त्यावर त्यानं विचार करायला वेळ मागितला! मी काय करू, सांगा! रात्र रात्र झोप नाही, आईला फोन करायची हिंमत नाही... का? तर मी हौशी!

शेवटी आईनंच वाट काढली. स्टेडियमच्या स्टॉलवर उकडलेल्या शेंगा विकायला बायका हव्या होत्या, ठेकेदाराची बस आईच्याच गावातून निघते. प्रुइट म्हणाला, मजुरीला येतायत? मग हरकत नाही. मुकादमानं मात्र बजावलं, स्टॉल सोडायचा नाही. मी आईला म्हटलं, तू वरूनच बघ, मी एकटा जाईन, काही वाटत नाही मला. खोटं, साफ खोटं!

शनिवारी नाव पुकारलं. पुढचे-मागचे सगळे आयांना बिलगलेले, मी हात कुठे ठेवावेत म्हणून हेल्मेट धरून उभा... आणि जिन्यावरून आई पळत आली. ॲप्रन, डोक्यावर कागदी टोपी, हाताला शेंगांच्या खाऱ्या पाण्याचा वास. माझी वाकडी करंगळी पकडली आणि म्हणाली, "चल." ऐंशी हजार लोकांसमोर रडलो मी. लाज नाही वाटली.

सामना हरलो, ते सोडा. बाहेर आलो, तर आई पायरीवर बसलेली, कोचचं फूल मांडीवर. मुकादमानं तिला कामावरून काढून टाकलं होतं. सकाळपासून शेंगा विकल्या, तर म्हणाला, मधेच स्टॉल सोडलास, दमडी मिळणार नाही. मी भडकलो, म्हटलं, थांब, मुकादमाला बघतो, प्रुइटला बघतो, कोचला बघतो...

आईनं टोपी काढली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाली,

"जाऊ दे रे. आज मीपण हौशी."