दीड आटा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, आमच्या यंत्रशाळेचे प्राचार्य, व्यासपीठावर खुर्च्या कमी पडल्या म्हणून हसतमुखाने खाली बसलेले विभागप्रमुख, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, वहिनी, आणि ज्यांना निरोप द्यायला आज आपण सगळे इस्त्रीचे कपडे घालून आलो ते आमचे मास्तर, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी भाषण करणारा माणूस नाही. मी फिटर, बावीस वर्षं मास्तरांचा मदतनीस. निवेदकांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली आहे, ‘पाच मिनिटं’. अध्यक्ष महोदय, पाच मिनिटांत माझ्याकडून गंजलेला नटसुद्धा सुटत नाही. तेव्हा थोडं सांभाळून घ्यावं.

आधी एक खुलासा. मास्तर मान खाली घालून बसलेत ते कंटाळून नव्हे. त्यांना आता ऐकू येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक आहे. म्हणून मी हे भाषण मोठ्या अक्षरांत लिहून काढलं आणि एक प्रत त्यांच्या हातात दिली. पाच पानं आहेत. मी बोलेन, ते वाचतील. चष्मा नवा आहे, त्यामुळे ते माझ्या थोडे मागे राहतील. आपण हसलात आणि ते हसले नाहीत, तर गैरसमज नको.

दुसरा खुलासा खिडकीबाहेरच्या आवाजाचा. कार्यशाळेच्या दारात आमची म्हातारी चालू आहे, आणि सकाळपासून नुसती खोकते आहे. काळा धूर आत येतोय. प्राचार्यांनी माझ्याकडे दोनदा डोळे वटारून पाहिलं. साहेब, माझ्या लक्षात आहे. तिच्याकडे मी येतोच.

म्हातारी म्हणजे आमचं शंभर वर्षांपूर्वीचं एका सिलिंडरचं इंजिन. दोन बाजूंना दोन मोठी चाकं, मधे पाण्याची टाकी. तुमच्या-आमच्या गाडीचं इंजिन सारखं पेटत असतं, हिचं तसं नाही. ही एकदा पेटते, ठप्प! तेवढ्या जोरावर चाकं फिरत राहतात. वेग उतरला की मगच दुसरा ठप्प. मधे नुसते श्वास, फुस्, फुस्, फुस्. तब्येत ठणठणीत असेल तर दोन ठप्पांच्या मधे आठ श्वास. तीनवर आली की समजायचं, बाई आजारी आहेत.

मास्तरांनी हे आम्हाला डोळे मिटून शिकवलं. रोज सकाळी नऊला ते स्वतः चाक फिरवून तिला सुरू करायचे, आणि मग इंधनाचा छोटा स्क्रू, त्याला आम्ही सुई म्हणतो, केसभर इकडे, केसभर तिकडे करत कान लावून उभे राहायचे. मीटर नाही, माप नाही. “यंत्र बोलतं, आपण गप्प बसायला शिकायचं,” म्हणायचे. त्यांनी सुई लावली की दिवसभर तिला कोणी हात लावायचा नाही, हा कार्यशाळेचा नियम. प्राचार्यांनीसुद्धा.

मी आलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे तेरा नंबरचा पाना मागितला. मी शोधून आणेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली, आणि आणला तो चौदाचा. तेव्हापासून माझं नाव तेरा नंबर. माझ्या लग्नाच्या आहेरावरही त्यांनी ‘चि. तेरा नंबर यास’ असंच लिहिलं होतं. बायकोने विचारलं, हा कोण?

असो. तीन वर्षांपूर्वी म्हातारी बिघडली. तीन श्वास, कधी दोन, काळा धूर, आणि पाणी तापायच्या आत बंद. आम्ही काय काय केलं नाही! जुनं इंधन काढून नवं भरलं. टाकी धुतली. नळीतली झडप साफ केली. व्हॉल्व्ह घासून बसवले, स्प्रिंग बदलली, ठिणगीचे पॉइंट पॉलिश पेपरने आरशासारखे केले. ठिणगी एकदम कडक. प्रत्येक दुरुस्तीनंतर ती दहा मिनिटं अशी चालायची की डोळे भरून यावेत. मग मास्तर यायचे, कान लावून सुई जमवायचे, आणि परत तेच. मास्तर रात्रंदिवस तोच विचार करायचे. वहिनी म्हणायच्या, जेवताना पोळीवर बोटाने व्हॉल्व्ह काढतात.

आणि मग एक दिवस मास्तर रजेवर गेले. लेकीला मुलगी झाली होती, ते नातीला बघायला गेले. त्या दिवशी सुई मी लावली. म्हातारी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच चालली, आठ श्वास, धुराचा मागमूस नाही.

मला आधी आनंद झाला, खरं सांगतो. घरी जाताना जिन्यावर पाय अडखळला, तेव्हा डोक्यात उजेड पडला. दुसऱ्या दिवशी मास्तर म्हातारीपाशी उभे होते. मी त्यांच्यामागे चार पावलांवर उभा राहून हाक मारली, “मास्तर!” वळले नाहीत. परत मारली. मग हातातला हातोडा फरशीवर टाकला. तेव्हा वळले आणि म्हणाले, “हळू रे.”

त्यांना ठप्प ऐकू येत होता. श्वास येत नव्हते. ठप्प पूर्वीसारखा खणखणीत वाटेपर्यंत ते सुई उघडत होते, आणि म्हातारीला इंधन जास्त होऊन ती गुदमरत होती. बिघाड तिच्यात नव्हताच.

बघा, आत्ता हसले मास्तर. पोचले चौदाच्या पान्यापर्यंत. हसू द्या त्यांना. पुढचं पान तसं नाही.

चौथं पान मी त्यांच्या प्रतीतून काढून ठेवलं होतं. आज सकाळी परत लावलं.

अध्यक्ष महोदय, त्या दिवशी मी काय करायला हवं होतं? हात धरून बाजूला न्यायचं आणि सांगायचं, मास्तर, चला, कान दाखवून येऊ. एवढंच ना? मी ते केलं नाही. ज्या माणसाने मला ऐकायला शिकवलं, त्याला ‘तुम्हाला ऐकू येत नाही’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मास्तर सुई लावून हात धुवायला गेले. मी इकडेतिकडे पाहिलं, आणि सुई दीड आटा, म्हणजे दीड फेरा, उलटी फिरवली. ते रुमालाला हात पुसत परत आले, दोन ठप्पांच्या मधे मोकळी फिरणारी चाकं पाहिली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. “बघ, सुधारली की नाही म्हातारी? यंत्र बोलतं!”

त्या थापेवर मी दोन वर्षं काढली. रोज सकाळी ते नळावर गेले की दीड आटा. मला वाटायचं, मी त्यांची लाज राखतोय. आणि तो शहाणा माणूस रोज आठ तास घणाच्या, ग्राइंडरच्या, म्हातारीच्या आवाजात उभा राहत होता, उरलेले कान झिजवत. मी शेजारी उभा होतो.

गेल्या वर्षी दाराची बेल ऐकू आली नाही, तेव्हा वहिनींनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आणलं असतं, त्या आवाजातून बाहेर काढलं असतं, तर बरंच वाचलं असतं, कानाला यंत्र लावून चाललं असतं. आता यंत्राचाही उपयोग नाही. आणि त्यांनी विचारलं, कामावरच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही का?

वहिनी, तुम्ही तोच प्रश्न घेऊन माझ्याकडे आलात. बाकावर बसलात, पाणीसुद्धा घेतलं नाहीत. मी म्हणालो, “नाही हो वहिनी, आम्हाला काहीच कळलं नाही.” ते खोटं होतं. आणि दुसऱ्या सकाळी परत दीड आटा.

त्यानंतर खरं सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला. मास्तरांकडे पाटी असते, लिहून बोलायला. ती हातात घेतली. एकदा लिहिलं ‘आज उकाडा फार आहे’. एकदा लिहिलं ‘चहा घेणार?’ तिसऱ्यांदा नुसती पुसून परत दिली.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो होतो. नात आता बोलते. आजोबांच्या गुडघ्याला धरून ‘आबा, आबा’ म्हणत होती. मास्तर तिच्या ओठांकडे बघत होते. मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं, “तेरा नंबर, आवाज कसा आहे रे तिचा?” व्हॉल्व्हची गळती दुसऱ्या खोलीतून ओळखणारा माणूस मला विचारत होता. मी पाटीवर लिहिलं, ‘बारीक आहे, गोड आहे’. आणखी काय लिहिणार? त्यांनी ती पाटी बराच वेळ पुसली नाही.

तर, साहेब, म्हातारी का खोकते आहे? आज सकाळी मास्तरांनी तिला शेवटचं सुरू केलं. टाकीवर तळहात ठेवून, नेहमीसारखी सुई लावली, माझ्याकडे बघून हसले आणि कपडे बदलायला गेले. माझा हात सवयीने सुईवर गेला. आणि मी तो मागे घेतला. आज पहिल्यांदा तिला मी हात लावलेला नाही. खिडकीतून येणारा हा धूर माझा आहे, मास्तरांचा नाही.

कुणी म्हणेल, हे चारचौघांत कशाला? कारण चारचौघांत मी ‘मास्तरांचा उजवा हात’ म्हणून मिरवलो. मघाशी पाहुण्याबाईंनीही तेच म्हटलं, आणि आपण टाळ्या वाजवल्यात.

संस्थेने मला बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी इतकं शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपला मनापासून आभारी आहे. पाचाची पंधरा मिनिटं झाली, जिभेचं काही कमीजास्त झालं असेल, ते सभेने पोटात घालावं.

ही माफी सभेची झाली. दुसरी मी बोलून मागत नाही, ती पाचव्या पानावर लिहिली आहे. त्यावर त्यांचं उत्तर काय असेल, मला माहीत नाही. मास्तर अजून चौथ्यावर आहेत. वहिनींनी त्यांच्या दंडावर हात ठेवला आहे. चहा तयार आहे असं कळतं, आपण सर्वांनी घ्यावा. त्यांचं वाचून होईपर्यंत मी इथेच उभा आहे.