राजकन्येसमोर काढलेली टोपी

तुम्हाला म्हणून सांगते, जर्मनीत हायडेलबर्गला असताना मी चक्क म्युझियममध्ये मुलगा बघितला. मुलगी आमच्या वरच्या मजल्यावरची वैदेही, जुन्या राजेरजवाड्यांच्या चित्रांवर पीएचडी करणारी. तिच्या आईनं पुण्याहून स्थळ जुळवलं होतं, जर्मनीतल्याच इंगोलश्टाट शहरातला इंजिनिअर. ‘वहिनी, तुम्ही सोबत जाल का?’ तिच्या आईनं मला फोनवर विचारलं. मी काय, न विचारताही गेलेच असते!

मुलगा आला. फोटोत झुपकेदार केस आणि इथे कानापर्यंत लोकरीची टोपी. आत हीटर चालू, घाम गळतोय, पण टोपी काही काढेना.

वैदेहीनं त्याला एका राजकन्येच्या चित्रापुढे उभं केलं. म्हणाली, ‘लग्न ठरवायला अशी चित्रं पाठवायचे. चित्रकार चेहऱ्यावरचे देवीचे व्रण गाळायचा.’

‘अगं, म्हणजे आपल्या स्थळांच्या फोटोंसारखंच की!’ मी म्हटलं.

बिचारा लालबुंद झाला. त्यानं हळूच टोपी काढली. निम्म्या डोक्यापर्यंत मैदान! ‘फोटो पाच वर्षांपूर्वीचा आहे, आईनं पाठवला. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल.’

वैदेहीनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग राजकन्येकडे.

‘कपाळ मोठं दिसावं म्हणून या बायका पुढचे केस उपटून काढायच्या. तुमचं तर न उपटताच झालंय!’

तो एवढ्यानं हसला की रखवालदार येऊन दटावून गेला.

मग वैदेही माझ्याकडे वळली. ‘काकू, तुमची ट्राम असेल ना?’

‘छे गं, दर दहा मिनिटांनी असते.’

‘मग आत्ताचीच पकडा.’

हाकललंच हो मला! तेव्हाच ओळखलं, जमलं म्हणून.