छंदाला वीस मार्क

...नाही, मला एक सांगा, माणसाला छंद असावा, कबूल, पण छंदात नापास व्हायची सोय कुणी काढली हो? आमच्या आलियाच्या शाळेने काढली! तुम्हाला सांगतो, अकरावीतली पोर, सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी त्या क्लासात मागे पडू नये म्हणून दुसरा क्लास... त्यात यंदा नव्या प्राचार्या आल्या आणि पालकसभेत माईक धरून म्हणतात कशा, "नुसते मार्क काय कामाचे? मूल फुललं पाहिजे! म्हणून छंदाला वीस मार्क. सर्वांगीण म्हणजे सर्वांगीण!"

झालं! आमची रझिया तिथेच माझ्या दंडाला चिमटा काढून, "ऐकलात काय? वीस मार्क गेले तर पहिली येणारी पोरगी दुसरी येल!"

आता छंद काय बाजारात मिळतो? पण होती एक गोष्ट. दर रविवारी माझा मेहुणा झुबेर, म्हणजे आलियाचा मामू, तिला जेटीवर न्यायचा. गरीला कोळंबी लावायची, पाण्यात सोडायची आणि दोघांनी शेंगदाणे खात बसायचं. मासा लागला तर लागला! पण पोरगी हसायची हो... सगळ्या आठवड्यात तेवढंच एक हसणं, आणि ते ऐकायला मी उगाच जेटीवर चक्कर मारायचो. रझियाने उभं राहून तेच सांगून टाकलं. प्राचार्या खूश! "वा! विषय मंजूर!"

विषय! ऐकलंत ना? आठ दिवसांत चाळीस पोरांची बॅच, आणि शिकवायला कोण? आमचा झुबेर! ज्याने जन्मात पायात चप्पल घातली नाही तो जेटीवर बूट घालून, गळ्यात शिट्टी! आलिया म्हणाली, "मामू, शेंगदाणे?" तर हा, "मामू घरी! इथे सर म्हणायचं. आणि हसतेस काय गो? मासा घाबरतो, मार्क जातात!"

बरं, प्रॅक्टिकल वेळापत्रकात रविवारी अकराला. आणि पहिल्याच रविवारी अकराला ओहोटी! पाणी पार तिकडे, आणि चाळीस पोरं चिखलात गरी टाकून ओळीत उभी. मी प्राचार्यांना म्हटलं, "मॅडम, भरती आल्याशिवाय..." तर म्हणतात, "इद्रीसभाई, भरती पुढच्या तासाला घेऊ ना! सर्वांगीण म्हणजे सर्वांगीण!" समुद्राला कोण नोटीस पाठवणार, सांगा!

मग काय, पोरगी घरात पाठ करत बसायची. "तांबोशीच्या सवयी कोणत्या? कोणत्याही तीन." ताटात तांबोशी वाढली की तोंड फिरवायची. कोकणातली पोर, मुसलमानाच्या घरातली, आणि तिला माशाचा कंटाळा! रझिया रडायला लागली.

आणि मागे एका रविवारी पोर छंदाच्या क्लासातून गायब! झुबेर शिट्टी वाजवतोय, रझिया छाती पिटतेय, मी खाडीकाठी धावतोय... तर एका उपड्या होडीच्या आड हसण्याचा आवाज. तेच हसणं! बघतो तर काय, बाईसाहेब मांडीवर वही घेऊन गणित सोडवतायत!

"परीक्षा जवळ आली काय गो?"

"नाय बाबा, हे परीक्षेत येतच नाय. म्हणून तर करतेय. बघा ना, कसलं मस्त सुटलं! सरांना सांगू नका हां..."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात रझिया मागून धापा टाकत, "अवो, मग हाच छंद म्हणून देऊ या काय शाळेत?" मी तिच्या तोंडावर हात ठेवला! म्हटलं, बाई गो, एक जेटी गेली, एक मामू गेला, एवढी होडी तरी राहू दे!

तेव्हा हात जोडतो, तुम्हीपण कुठे बोलू नका. मी आता दर रविवारी त्या होडीसमोर जाळं पसरून बसतो, विणायला येत नाही तरी विणतो, आणि कुणी संशयाने आत डोकावायला लागलं की बापाच्या जातीने छाती ठोकून सांगतो, "अभ्यास? छे हो! आमची आलिया तसली नाही!"