हनुवटी काही ऐकेना

…नाही, पण मला एक सांगा, माणसाशी बोलताना त्याच्या डोळ्यांत बघायचं की हनुवटीकडे? डोळ्यांत ना? मग आमच्या क्रीमताईशी बोलताना सगळ्या जगाची नजर चार बोटं खाली का घसरायची हो? भाजीवाला वजन सांगतोय, हनुवटीला सांगतोय! मुलीच्या शाळेतल्या बाई प्रगती सांगतायत, हनुवटीला सांगतायत! अहो, प्रगती तिच्या मुलीची आहे, हनुवटीची नाही!

हां, क्रीमताई कोण ते सांगायचंच राहिलं. आमचं चार मजली दुकान, तळमजल्यावर शिरल्या शिरल्या उजव्या हाताला चेहऱ्याच्या क्रीमांचं काउंटर, तिथं ही अकरा वर्षं उभी. समोर सात पावलांवर सेंटच्या काउंटरला मी. दिवसभर लोकांच्या मनगटांवर फुसफुस करायची, नाक तर माझं केव्हाच कामातून गेलंय, पण डोळे शाबूत आहेत, म्हणून तुम्हाला सांगते, जे घडलं ते सगळं या डोळ्यांनी पाहिलंय. आणि जे घरी घडलं ते डबा खाताना ऐकलंय. ताई अशी हुशार, की गिऱ्हाइकाच्या हाताची मागची बाजू नुसती चाचपली की सांगायची, "तुमची त्वचा कोरडी आहे, हे नको, ते घ्या." गिऱ्हाईक डोळे झाकून घ्यायचं.

आणि अशा बाईला अडतिसाव्या वर्षी पुरळ! नुसतं पुरळ म्हणजे कसं, मानेवर घामोळं येतं तसं नव्हे हो. जबड्याच्या कडेनं, हनुवटीच्या दोन्ही बाजूंना, एकेक फोड असा आत बसलेला की पिकत नाही, फुटत नाही, नुसता ठणकतो! पाळीच्या आधी चार दिवस हजर. जायचा तो काळा डाग मागे ठेवून जायचा, आणि तो जातोय तोवर शेजारी दुसऱ्याचा मुक्काम. त्याला म्हणे तारुण्यपिटिका म्हणतात. अहो, तारुण्य कधीच निघून गेलं, या पिटिका कशाला थांबल्यात? तिची मुलगी चौदा वर्षांची, तिचा चेहरा धुतलेल्या काचेसारखा, आणि पिटिका आईला! उलटा कारभार!

बरं, बाई क्रीमांच्या काउंटरला. औषध शोधायला कुठं लांब जायला नको, हात लांबवला की झालं. तिनं पहिल्या खणापासून सुरुवात केली. फेसाचं, दाण्यांचं, चिखलाचं, कोळशाचं… कोळसा लावून आली एक दिवस, कानामागचा धुवायचा राहिला होता, मला वाटलं हिनं घरी रंगकाम काढलं! मग ते गोल गोल चिकटवायचे तुकडे आले, पुरळावर लावायचे, दिसत नाहीत म्हणे. दिसत नाहीत! अहो, नऊ लावल्यावर न दिसायला काय झालंय! सकाळी एक, दुपारी एक, त्यावर आणखी एक. गाल लाल झाले, कपाळ सोलवटलं, नाक ताणलं गेलं… पण हनुवटी काही ऐकेना.

मग सल्ले सुरू झाले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोट साफ होतंय का तुझं? सगळं पोटातून येतं. आणि टूथपेस्ट लाव वर, वाळून जाईल." लावली टूथपेस्ट. तेवढ्यात दाराची बेल, कुरिअरवाला, सही घेताना हळूच म्हणतो, "ताई, तोंडाला पेस्ट लागलीय." ही म्हणाली, "लागली नाही, लावलीय." तो बिचारा पेनही न घेता जिना उतरला. दुकानाचा वॉचमन म्हणाला, "पाणी प्या ताई, चार लिटर, मग बघा." प्यायली चार लिटर. काय बघायचं होतं कोण जाणे, मी मात्र तिचं रिकामं काउंटर बघत बसले, कारण बाई दर वीस मिनिटांनी बाथरूमला! बहीण म्हणाली दूध सोड, सोडलं. साखर सोड, सोडली. चॉकलेट सोड… ते सोडलं त्या आठवड्यात तर घरातल्यांनीच तिच्या वाऱ्याला उभं राहायचं सोडलं. आणि एवढं सगळं करून? हनुवटी काही ऐकेना!

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं हो. मग एक दिवस एक गिऱ्हाईक आलं. गळ्यात मोत्यांची माळ, हातात नवी पर्स. ताईनं नेहमीसारखी हाताची मागची बाजू चाचपली, डबी पुढे ठेवली, सगळं समजावून सांगितलं. बाईंनी डबी हातात घेतली, ताईच्या हनुवटीकडे बघितलं, आणि विचारलं, "हे तुम्ही स्वतः वापरता का?"

ताई खरं बोलणारी. म्हणाली, "हो."

"मग नको," बाई म्हणाल्या. डबी ठेवली आणि निघून गेल्या.

मागे आमचे मॅनेजरसाहेब उभे होते. साहेबांचं एक आहे, वाईट बातमी सांगायची असली की आवाज असा मऊ करतात, लोण्यात बुडवल्यासारखा. "ताई, तसं काही नाही हं, गैरसमज नको, पण जरा… बदल म्हणून… तिसऱ्या मजल्यावर मोज्यांना माणूस हवाय. तात्पुरतं!" मोजे! अकरा वर्षं जिनं शहरातल्या बायकांचे चेहरे सांभाळले, तिला मोजे! आणि तेही छत्र्यांच्या आणि टॉवेलांच्या मधल्या कोपऱ्यात, जिथं ट्यूबलाइटसुद्धा नीट लागत नाही!

त्या दिवशी डब्याला बसलो तर ही भिंतीकडे तोंड करून बसली. मी म्हटलं, "ताई, इकडे वळ." नाही वळली. घास हातातच. मग म्हणाली, "मला वाटतं, मी बोलते ना, तेव्हा कोणाला काही ऐकूच येत नाही. नुसतं दिसतं." आणि रडली हो. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी आपला डबा बंद केला.

आता हिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. गरीब माणूस, बायकोच्या सौंदर्यावर दोन शब्द बोलायचे म्हटलं तर त्याला घाम फुटतो. त्या संध्याकाळी ही आरशासमोर पाच बाटल्या मांडून बसलेली, हा दारात उभा, डोकं खाजवतोय. शेवटी म्हणाला, "अगं, रागावू नकोस… पण लिफ्टचं दार सारखं आपोआप उघडतंय, तर आम्ही दार पुसत नाही बसत. वर जातो, पॅनेल उघडतो. बिघाड पॅनेलमध्ये असतो. तू दोन वर्षं दार पुसतीयस!"

तुम्हाला सांगते, लग्नाला सोळा वर्षं झाली, पण तो माणूस इतकं शहाणं वाक्य आधी कधी बोलला नव्हता. आणि नंतरही नाही.

झालं, गेली ती त्वचेच्या डॉक्टरकडे. मला घेऊन. बाहेरच्या खोलीत बघतो तर काय, सगळी सोळा-सतरा वर्षांची पोरं! कोणाच्या कानात इअरफोन, कोणाची आई शेजारी पेंगतेय. काउंटरवरची मुलगी ताईला म्हणाली, "बसा मॅडम, पेशंट कुठाय?" ताई म्हणाली, "मीच." ती म्हणाली, "नाही, म्हणजे मुलगी… की मुलगा?" ताईनं तोंडावरची ओढणी खाली केली. मुलीनं बघितलं आणि एकदम उठून उभी राहिली. "बसा ना मॅडम, बसा!"

आत डॉक्टरीणबाई. पहिली बाई भेटली जी डोळ्यांत बघून बोलली! नंतर भिंग घेऊन हनुवटी बघितली, पण ते तिचं कामच आहे. पाळी वेळेवर येते का, अंगावर केस वाढलेत का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, सगळं विचारलं. रक्त तपासलं. आठ दिवसांनी म्हणाली, "तुमचे हॉर्मोन्स ठीक आहेत. फक्त तुमची त्वचा ते जरा जास्तच मनावर घेते."

ताई म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखीच."

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तोंडाला काय काय लावता?" ताईनं पिशवी उपडी केली. अहो, टेबल भरलं! त्या बाईनं एकेक डबी बाजूला सारली, सारली, सारली, आणि म्हणाली, "हे सगळं बंद." साधा फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. झोपताना वाटाण्याएवढं जेल, तेही आधी एक दिवसाआड. आणि एक गोळी. गोळी मुळात ब्लड प्रेशरची, पण हॉर्मोनच्या पुरळालाही देतात. "पुन्हा मूल होऊ द्यायचा विचार नाही ना? ही गोळी चालू असताना दिवस राहून चालायचं नाही." ताई म्हणाली, "डॉक्टर, मला सध्या माझी हनुवटीच सांभाळून होत नाहीये."

"आणि तीन महिने थांबायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सुरुवातीला थोडं वाढेलसुद्धा."

वाढेलसुद्धा! औषधानं वाढेल! आणि वाढलं की हो! पहिले पाच आठवडे असे गेले की काही विचारू नका. कातडी सुटतेय, नवीन चार आलेत, आणि घरी सासूबाई गोळीचं पाकीट चष्म्याजवळ धरून ओरडतायत, "अगं, ब्लड प्रेशर मला, आणि गोळी तुला? हा काय न्याय झाला?" ताईचे हात शिवशिवायचे, वाटायचं घ्यावा खालच्या काउंटरवरचा कोळसा आणि फासावा. पण नाही. वाटाण्याएवढं म्हणजे वाटाण्याएवढं. मी रोज विचारायची, "काय म्हणते?" ती म्हणायची, "काही ऐकत नाहीये गं हनुवटी."

आणि इकडे मोज्यांच्या कोपऱ्यात वेगळंच सुरू झालं! झालं असं, की तिची एक जुनी गिऱ्हाईक तिला शोधत तिसऱ्या मजल्यावर पोचली. पस्तिशीची बाई, तिलाही हेच. हळूच विचारते, "काय लावू?" ताईकडे विकायला क्रीम नव्हतंच, तेव्हा खरं सांगायला अडचण कसली? म्हणाली, "लावत काही बसू नका, डॉक्टरकडे जा. फोडू नका. धीर धरा. मीही धरतेय, हे बघा." आणि चेहरा पुढे केला. त्या बाईला बिचारीला इतकं बरं वाटलं, पण नुसतं बोलून कसं जायचं, म्हणून तिनं दोन जोड मोजे घेतले. तिनं मैत्रिणीला सांगितलं. मैत्रिणीनं नणंदेला. महिनाभरात छत्र्या आणि टॉवेलांच्या मधे बायकांची ही रांग! कुजबुज कुजबुज, डोळे पुसणं, आणि मग मोजे! उन्हाळा चालू, बाहेर अंगाची लाही होतेय, आणि बायका लोकरीचे मोजे घेऊन चालल्यात!

साहेब चक्रावले. माझ्याकडे येऊन विचारतात, "यंदा मोज्यांची काही फॅशन आहे का हो?"

आता तुम्हाला वाटेल, तीन महिन्यांनी चेहरा निवळला, साहेबांनी मानानं खाली आणलं. चेहरा निवळायला लागला, हो. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी पाळी आली आणि गेली, आणि हिच्या लक्षात आलं की या खेपेला एकच आला, तोही छोटा, दोन दिवसांत ओसरला. सहाव्या महिन्यात तर नुसते पुसट डाग. तिनं सकाळी लिफ्टवाल्याला उठवून दाखवलं, तो झोपेत म्हणाला, "सांगितलं होतं, पॅनेल." पण साहेब! साहेब तिला सोडायला तयारच होईनात! "ताई, तसं काही नाही हं, पण मोज्यांना तुमच्याशिवाय कोण…"

तेव्हा ताई बोलली. मी जिन्यात उभी होते, ऐकलं. म्हणाली, "साहेब, चेहरा खराब होता म्हणून तुम्ही मला वर पाठवलंत. आता बरा झालाय म्हणून मी खाली मागत नाहीये. मला ते काम येतं म्हणून मागतेय. तेव्हाही येत होतं." साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. त्यांच्या आवाजातलं सगळं लोणी वितळलं. म्हणाले, "सोमवारपासून या."

आली सोमवारी. पहिलंच गिऱ्हाईक, तुम्हाला सांगते, तोंडाभोवती रुमाल बांधलेली बाई. रुमाल काढला तर अगदी तेच, जबड्याच्या कडेनं. ताईनं प्रेमानं हात हातात घेतला, म्हणाली, "मला माहितीय. मलाही होतं. दोन वर्षं."

ती बाई भडकली हो! "तुम्हाला? उगाच समजूत काढू नका माझी! तुमच्यासारख्यांची स्किन जन्मजातच चांगली असते. तुम्हाला काय कळणार!"

ताई म्हणाली, "थांबा, फोटो दाखवते." मोबाइल काढला. वर सरकवतेय, खाली सरकवतेय… मुलीच्या शाळेतला कार्यक्रम, ही पाठमोरी. नवऱ्याचा वाढदिवस, ही कॅमेऱ्यामागे. बहिणीकडची सहल, हिच्या तोंडापुढे फुगा. एका फोटोत समोर होती, तर हसू आवरतेय अशी तोंडावर हात धरून! दोन वर्षांत एक फोटो नाही! मी माझा मोबाइल शोधला, त्यातही नाही. मोज्यांच्या रांगेतल्या बायका साक्षीला आणायच्या तर त्या बऱ्या होऊन आपापल्या घरी बसलेल्या. ती बाई "बघते" म्हणाली आणि गेली. डॉक्टरीणबाईंचा पत्ता तेवढा घेतला.

तेव्हापासून आमची ताई रोज सकाळी आरशासमोर उभी राहते आणि म्हणते, एक येऊ दे. जास्त नको, एकच, फोटोपुरता, गिऱ्हाइकाला दाखवायला! दोन वर्षं हाकलून हलत नव्हता, आता बोलावतेय तर फिरकत नाही. मी म्हटलं, "येईल गं, पुढच्या पाळीला येईल, हिंमत सोडू नकोस."

आणि काल आला! सकाळी धावत माझ्या काउंटरला, "आला, आला!" मी मोबाइल काढला, कॅमेरा लावला, म्हटलं, "वळ इकडे, कुठाय?"

तर म्हणते, "पाठीवर."

…आता पाठ दाखवून कोणाची समजूत काढायची, सांगा!