निळीहून निळी

(संग्रामपूरजवळचं कपाशीचं शेत. सिंधूताई फुलं तपासते आहे. चीनमध्ये कापसावर संशोधन करणारी तिची लेक रेणुका सुट्टीवर आली आहे.)

रेणुका : ...मग आमचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, “छिंग छू यू लान!”

सिंधूताई : हे काय, शिवी हाय का वं?

रेणुका : शाबासकी हाय, माय! दोन हजार वर्सांआधी तिकडं एक मोठे गुरुजी होऊन गेले. शिकणं थांबवू नका, हे समजवताना त्यायनं रंगाचा दाखला देल्ला. निळा रंग निळीच्या झाडातून निघते, पण झाडाहून निळा होते. म्हणजे शिष्य गुरूच्या पुढं गेला.

सिंधूताई : तू सरायच्या पुढं गेली?

रेणुका : तिकडच्या वावरात अळीचं फूल मी सरायच्या आधी लांबूनच ओळखलं ना! म्या सांगतलं, सर, माह्यं निळीचं झाड गावात हाय. पाकळ्या चिकटल्या दिसल्या का फूल उघडून पाहाचं, हे मले सात वर्साची असताना मायनं शिकवलं.

सिंधूताई : अन् त्याच मायले तू फोनवर शिकवाले लागली! म्हणे, डिसेंबरात कपाशीची पऱ्हाटी उपट, उशिराच्या बोंडायची वाट पाहू नको, त्यात अळी पुढच्या सालापर्यंत दडून राह्यते.

रेणुका : दोन महिने बोलली नाही तू माह्यासंगं.

सिंधूताई : राग आला मले. तीस वर्सं कपाशी केली म्या. बीटीचं बियाणं आलं तवा सारे म्हणत, आता बोंडअळी संपली. मागच्या साली तिनं अख्खं गाव खाल्लं. मंग कोणाचं ऐकाचं माणसानं?

रेणुका : जाऊ दे. नाही उपटली तं नाही.

सिंधूताई : कोण म्हणते नाही उपटली? दुसऱ्याच दिवशी उपटली.

रेणुका : अन् मले सांगतलं नाही? काऊन?

सिंधूताई : लेकीसमोर वाकाले जड जाते बाप्पा.

महादेवराव : (शेजारच्या वावरातून येत) ओ सिंधूताई! माह्या वावरात दर पाचव्या फुलात अळी हाय. आपला बांधाले बांध, मंग तुमचं एवढं साफ कसं? कोण्या साहेबानं सांगतलं?

सिंधूताई : साहेबानं नाही, महादेवराव. माह्या पोरीनं. हे काय, उभी हाय.

महादेवराव : हे रेणुका? एवढुशी होती... बाई, माह्यं वावर पाहून देता का? वाचंल का काही?

रेणुका : वाचंल काका. पहिले खराब फुलं तोडू, मंग अळीचे नर पतंग धराचे सापळे लावू. चाला.

सिंधूताई : थांब वं, मी बी येतो. सापळा कसा लावतेत, मले शिकव.