डाव्या चाकाचा हब

मी, खाली सही करणारी, वय ३९, धंदा स्वतःचा ट्रक चालवणे, राहणार लाकडाच्या वखारीमागे, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी आईसोबत राहते. माझा धाकटा भाऊ मिस्त्री असून त्याचे गॅरेज घराला लागूनच आहे. ट्रक वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, हयातीतच माझ्या नावावर केला. दुरुस्ती मात्र भावाकडेच असते.

सदर ट्रक चारही चाकांनी ओढणारा आहे. पुढच्या चाकांच्या मध्यभागी असलेल्या हबवर हाताने फिरवायची चकती असते. ती लॉकवर केल्याशिवाय पुढची चाके ओढत नाहीत, नुसती गडगडत येतात.

गेल्या महिन्यात भावाने पुढची चाके खोलून ग्रीस भरले. तेव्हापासून टेकडीवरच्या टाकीच्या कामाला खडी नेताना गाडी चढावर अडकून बसू लागली. मी भावाला हब बघायला लावला. तो म्हणाला, "हब ठणठणीत आहे. दम गाडीत आहे, ड्रायव्हरमध्ये नाही." गॅरेजमधले लोक हसले. माझेच चुकत असेल असे मला वाटले.

घटनेच्या दिवशी दोन्ही चकत्या मी स्वतः लॉक केल्या होत्या. चढावर मागची चाके चिखलात जागीच फिरू लागली. आमचे हमाल, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ते चाकामागे दगड लावायला उतरले. "दाब ताई, चढेल आता," असे ते म्हणाले. मी दाबले. ट्रक मागे घसरला. तात्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला आहे.

ट्रक ओढून आणल्यावर मी पुढचे डावे चाक जॅकवर उचलले, चकती लॉकवर ठेवली आणि चाक हाताने फिरवले. सोबत आतला दांडा फिरायला हवा होता. तो फिरला नाही. उजवीकडचा फिरला. मी डाव्या हबचे झाकण उघडले. चाक आणि दांडा जोडणारी दातेरी कडी आत नव्हती. तुटली असती तर तुकडे मिळाले असते. आत फक्त ताजे ग्रीस होते.

मी गॅरेजमध्ये जाऊन भावाला विचारले, "कडी कुठाय?" तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, "दोन-चारदा अडकलीस की कंटाळून गाडी मला देशील, एवढंच वाटलं होतं. अण्णांनी ती तुझ्या नावावर केली, तेव्हा मला विचारलं होतं का कुणी?"

मी ठाण्यात यायला निघाले तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली. "तक्रार करू नकोस. मला एवढा एकच आहे गं," असे ती म्हणाली.

साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, होय, ती माझी सख्खी आई आहे.

भावाविरुद्ध माझी तक्रार आहे. वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला; मी सांगितला तसाच तो उतरला आहे. त्यात काही कमी करायचे नाही.