बुधवारचा हादरा

नविन सर : सही करा, वर्षाबाई. प्रार्थना व्हायचीय, मग शनिवारची भूकंपाची कवायत आहे. हा कागद आज तालुक्याला पोचवायचाय मला.

वर्षा : वाचला मी कागद. "धक्का जाणवताच इयत्ता दुसरीच्या शिक्षिकेने प्रसंगावधान राखून बावीस मुलांना सुखरूप बाहेर काढले." सर, हे कोणी केलं?

नविन सर : शाळेनं केलं.

वर्षा : तुम्ही केलंत. तिसरी-चौथी मैदानात आणून परत माझ्या वर्गात शिरलात. मी तेव्हा हापशाजवळ उभी होते. अनवाणी.

नविन सर : कोणी बघितलं?

वर्षा : बावीस जणांनी.

नविन सर : पोरं कुठे बोलली नाहीत. तीन दिवस झाले, एका पालकाचा फोन नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. तुम्हीच कशाला उघडताय?

वर्षा : त्यांना शिकवलं कोणी? दर शनिवारी मीच शिकवते. हादरा आला की दप्तर डोक्यावर घ्यायचं, बाकाखाली बसायचं आणि बाईंची शिट्टी वाजल्याशिवाय हलायचं नाही. शिट्टी माझ्या गळ्यात होती सर, आणि मी ती घेऊन पळाले. वरून कौलं पडत होती, तरी तुम्ही ओढून काढेपर्यंत एक पोर हललं नाही.

नविन सर : तुम्ही चिंचणीच्या. तिकडे समुद्राकाठी असले हादरे कुठे बसतात? मला चौदा वर्षं झाली इथे, मीसुद्धा पहिल्यांदा खिडकीतून उडी मारली होती.

वर्षा : वर्गात मुलं होती तेव्हा?

नविन सर : नाही. एकटाच होतो.

वर्षा : मग तुमचं वेगळं. माझे बाबा बोटीवर तांडेल आहेत, सर. काही झालं तर खलाशी आधी उतरतात, तांडेल शेवटी. त्यांना बुधवारी घरी जाऊन मी काय सांगितलं असेल? तुम्ही लिहिलंय तेच. लेकीचं कौतुक करत जेवले.

नविन सर : हे बघा, शिक्षणसेवक म्हणून तुमची तीन वर्षं पुरी व्हायला दोनच महिने राहिलेत. खरं लिहिलं तर 'कर्तव्यात कसूर' असा शेरा बसेल. एकदा बसला की पुसत नाही. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, मग कशासाठी?

वर्षा : मालूने बाहेर येऊन माझी चप्पल दिली मला. दारातली उचलून आणली होती. म्हणाली, बाई, कौलाचे तुकडे पडलेत, पायाला लागेल. सात वर्षांची पोर, सर. तेव्हापासून मला तिच्याकडे बघवत नाही.

शुक्री : गुरुजी, आत येऊ कां?

नविन सर : या, या. मालूची आई ना तुम्ही? आज आशागडला चिकूच्या वाडीत कामाला नाही गेलात?

शुक्री : खाडा केला. बाईंकडं काम हाय. बाई, तुमी माझ्या पोरीला काय शिकवलंत?

वर्षा : का? काय झालं?

शुक्री : गुरवारी दिवे लागायच्या टायमाला हादरा आला. फळीवरची भांडी खाली. सगली अंगणात आली, मालू नाय. माझा दीर पांड्या आत गेला तं ही खाटंखाली बसलेली, दप्तर डोक्यावर. तो ओढतोय, आन ही खाटंचा पाय धरून बसलीय. सोडीना. म्हनं, शिटी नाय वाजली.

नविन सर : घाबरली असेल हो. लहान आहे.

शुक्री : घाबरली नाय, गुरुजी. घाबरली असती तं पळाली असती. काल परत बारीकसा आला, परत खाटंखाली. मी वराडते, भायेर ये. ती म्हनं, बाईंनी सांगितलंय. आता सांगा, आमच्या घरात शिटी कोण वाजवनार? वर कौलं, मधी ह्यो एवढा वासा. तो पडला तं खाट काय करील?

वर्षा : बरोबर आहे तुमचं.

शुक्री : मंग तिचं नाव काढून टाका. मी तिला माझ्याबरोबर वाडीवर नेते. शाळा शिकून मरायचं असंल तं नको शाळा.

नविन सर : शुक्रीताई, असं एकदम नाव काढू नका. पोर हुशार आहे. आणि त्या कवायतीमुळेच तर बुधवारी मुलं वाचली. वर्षाबाईंनी त्यांना अगदी शिस्तीत...

वर्षा : सर, थांबा.

नविन सर : बाई, मी बोलतोय ना.

वर्षा : मी काढलं नाही त्यांना, शुक्रीताई. सरांनी काढलं. मी पळाले. हादरा आला तशी मी पहिली बाहेर, आणि मालू आत होती. शिट्टीची वाट बघत बाकाखाली बसली होती.

नविन सर : झालं. आता तुमचं तुम्ही निस्तरा. मी प्रार्थनेला जातो.

शुक्री : परत सांगा. काय म्हनलात?

वर्षा : मी मुलांना टाकून पळाले.

शुक्री : माझी पोर आत, आन तुमी भायेर.

वर्षा : हो.

शुक्री : मालू मला म्हनली, बाईंनी हाताला धरून काढलं.

वर्षा : मला सांभाळून घेतलं तिने.

शुक्री : तुमी शिकलेल्या. आमी तुमच्या भरवशावर पोरं सोडून दिवसभर दुसऱ्याच्या वाडीत राबतो. आन तुमीच पळालात? पोरांकडं एकदा वळून तरी बघायचं व्हतं.

वर्षा : बघितलं नाही. पाय आपोआप गेले, असं सांगितलं तर तुम्हाला पटायचं नाही. मलाच पटत नाही. नाव काढायचं असेल तर काढा, मी अडवणार नाही. पण आधी मला तिच्याशी बोलू द्या. माझ्यासाठी थांबली म्हणून तिला काही झालं, तर मी काय करू?

शुक्री : बसू कां जरा?

वर्षा : बसा ना. पाणी देऊ?

शुक्री : नको. माझा बारका पोरगा कडंवर व्हता.

वर्षा : कधी?

शुक्री : गुरवारी. मी चुलीशी भात बघत व्हती, बारका कडंवर. मालू भिताडाला टेकून लिहीत बसलेली. लांब नाय, इथं. हात पुढं केला असता तं तिची वेणी हातात आली असती. आन मी बारक्याला घेऊन पळाली.

वर्षा : शुक्रीताई...

शुक्री : अंगणात पांड्यानं इचारलं, मालू कुठंय? त्यानं इचारलं. मला आठवन नाय झाली तिची. माझ्या पोटची पोर. त्या टायमाला मला एकच पोर व्हतं, कडंवरचं.

वर्षा : हे कोणाला सांगितलंत?

शुक्री : कोनाला सांगू? घरात सगली म्हनतात, शाळेनं पोर बिघडवली. मीबी तेच म्हनते. रात्री मालू इचारते, आये, तू कुठं व्हतीस? मी सांगते, तुझ्या मागंच व्हती. आज तुमाला शिव्या द्यायला आली, तं जरा बरं वाटत व्हतं.

वर्षा : ती काय म्हणाली? तुम्ही मागेच होतात म्हटल्यावर?

शुक्री : कूस बदलून झोपली.

वर्षा : तिला ठाऊक असणार.

शुक्री : सात वर्साची हाय, बाई.

वर्षा : माझंही ठाऊक होतं तिला. चला, प्रार्थना संपली. वर्गात चला माझ्याबरोबर.

शुक्री : मी कशाला? मला नाय येत पोरांम्होरं बोलायला.

वर्षा : बोलायचं मला आहे. तुम्ही नुसत्या उभ्या राहा.

(दुसरीचा वर्ग. मुलं बाकांवर बसली आहेत. शुक्री दारात उभी आहे.)

वर्षा : आज कवायतीआधी एक सांगायचंय. बुधवारी हादरा आला तेव्हा मी तुम्हाला आत सोडून पळाले. शिट्टी वाजवायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. माझं चुकलं.

मालू : आमी कोनाला सांगितलं नाय, बाई.

वर्षा : माहितीय मला. आता सांगितलं तरी चालेल. मी पण सरांच्या कागदावर खरं लिहिणार आहे. आणि नीट ऐका. घरात हादरा आला तर शिट्टी वाजणार नाही. कोणाच्या हुकमाची वाट बघायची नाही, माझ्यासुद्धा. सरळ अंगणात पळायचं. मालू, तू काय करशील?

मालू : पळीन.

वर्षा : कधी?

मालू : लगीच. बाई, आन आये आतमधी असली तं?

वर्षा : तरीही तू पळायचं. आई येईल.

शुक्री : बाई, थांबा. मालू, इकडं बघ. गुरवारी मी तुझ्या मागं नव्हती.

मालू : हं.

शुक्री : बारक्याला घेऊन मी आधीच भायेर गेली व्हती. तुला टाकून.

मालू : मी बघितलं तुला जाताना.

शुक्री : मंग बोलली कां नाय?

मालू : बारका लहान हाय ना, आये.

शुक्री : तूबी लहानच हायेस, मालू.